ॲबिगेल ॲडम्सची पत्रं वाचायला बसताना

३१ मार्च १७७६ चं ते पत्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. पत्र नव्हे, त्यातली एकच ओळ: नवे कायदे कराल तेव्हा बायकांना विसरू नका. महिला दिनाला ती फिरते, सोबत टोपी घातलेल्या एका बाईचं चित्र आणि खाली ॲबिगेल ॲडम्स हे नाव. तिचा नवरा जॉन ॲडम्स पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला, मुलगा जॉन क्विन्सी सहावा. एवढं कळलं की बाईची ओळख झाली असं आपण धरून चालतो.

मग एखाद्याला हुक्की येते, मूळ पत्रंच वाचू. शोधायला जावं तर नुसत्या नवरा-बायकोचीच अकराशेहून जास्त पत्रं निघतात. बहिणीला लिहिलेली, मावशीच्या नवऱ्याला लिहिलेली, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या टॉमस जेफरसनला लिहिलेली वेगळीच. पहिल्या पाच-सहा पत्रांत काय, तर हवापाणी, देवीची साथ, शेतावरचा गडी, टाचण्या, कुठल्याशा जहाजाचं नाव. माणूस कंटाळतो आणि परत त्या एका ओळीपाशी येऊन बसतो. मीही एकदा असाच परत आलो होतो. दुसऱ्या खेपेला टाचण्यांपासून सुरुवात केली, तेव्हा कुठे बाड उलगडायला लागलं. तुम्हीही तसंच करा असं सुचवतो.

बाड कुठे आहे

घरबसल्या वाचायला दोन जागा पुरेत, दोन्ही फुकट. पहिली ‘फाउंडर्स ऑनलाइन’. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं हे संकेतस्थळ. इथे छापील मजकूर मिळतो, लिहिणारा, घेणारा आणि तारीख टाकून चाळता येतो, आणि बऱ्याच पत्रांखाली संपादकांच्या टिपा असतात. दुसरी जागा बोस्टनची मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटी. ॲडम्स घराण्याने १९५६ साली आपलं सगळं दप्तर या संस्थेला देऊन टाकलं. तिच्या संकेतस्थळावर जॉन-ॲबिगेलच्या पत्रांची छायाचित्रं आहेत, बाजूला उतरवलेला मजकूरही. मजकूर पहिल्या जागी वाचावा आणि अडलं की दुसऱ्या जागी जाऊन तिचं अक्षर बघावं. थोरली बहीण मेरी क्रँच हिला लिहिलेल्या पत्रांचा मोठा गठ्ठा मात्र वुस्टर गावच्या अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीकडे आहे.

नावांचा घोळ आधीच निस्तरून घ्या, नाहीतर शोधताना डोकं धराल. ॲबिगेल माहेरची स्मिथ. तिच्या मुलीचंही नाव ॲबिगेल, घरात तिला नॅबी म्हणत. या नॅबीने लग्न केलं ते नेमकं विल्यम स्मिथ नावाच्या माणसाशी. म्हणजे आई लग्नाआधी ॲबिगेल स्मिथ आणि मुलगी लग्नानंतर ॲबिगेल स्मिथ! तारीख १७८६ नंतरची असेल तर कोणती ॲबिगेल ते दोनदा तपासा. गावाचंही तसंच. ब्रेनट्री गावाचा त्यांच्या घराचा भाग १७९२ मध्ये वेगळा होऊन क्विन्सी झाला. घर हललं नाही, पत्ता बदलला.

कात्री कुणाची लागली आहे

जुन्या छापील प्रतीवरून वाचायला सुरुवात करू नका. तिची पत्रं पहिल्यांदा पुस्तकरूपात आली १८४० साली, आणि संपादक होता तिचाच नातू, चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स. नातवाने आजीला पाहुण्यांसमोर आणावं तसं आणलं. शुद्धलेखन सरळ केलं, काही घरगुती आणि नाजूक मजकूर गाळला. ॲबिगेल कधी शाळेत गेलेली नव्हती. ती ऐकू येईल तसं लिहायची, कॉफीच्या स्पेलिंगातलं शेवटचं अक्षरही खाऊन टाकायची. हे सगळं राखून छापायचं काम १९६३ पासून निघालेल्या हार्वर्डच्या खंडांनी केलं, आणि ‘फाउंडर्स ऑनलाइन’वर बहुतेक तोच मजकूर आहे. उत्तरकाळातली काही पत्रं तिथे नुसती उतरवून ठेवली आहेत, टिपा नाहीत. ती नवख्याने मागे ठेवावीत.

मायना आणि सही

मायना ‘माझ्या परमप्रिय मित्रा’ अशा अर्थाचा असेल तर पत्र नवऱ्याला आहे. दोघेही एकमेकांना हाच मायना वापरतात. सही बघा: लग्नाआधी ती ‘डायना’, इंग्रजांविरुद्धच्या क्रांतीच्या दिवसांत ‘पोर्शिया’. पोर्शिया ही रोमच्या ब्रूटसची बायको, राजकारणी माणसाची बायको. नाव उगाच निवडलेलं नाही. त्या काळी पाकीट नव्हतं, कागदच घडी घालून लाखेने बंद करायचे. म्हणून पत्ता, पोचल्याची नोंद आणि कधी जॉनच्या हातचा ‘पोर्शिया’ हा शेरा त्याच कागदाच्या पाठीवर सापडतो. छायाचित्रात पाठची बाजू बघायला विसरू नका.

दोन तारखांची वही

आता एक वही घ्या. मोबाइलवरची यादी चालेल, पण मला कागद बरा वाटतो. रकाने पाच: लिहिल्याची तारीख, पोचल्याची तारीख, कुणाहाती पाठवलं, कामाची गोष्ट, पैसा. दुसरा रकाना पुष्कळदा रिकामा राहील. राहू दे.

दोन तारखा का, तर ब्रेनट्रीहून फिलाडेल्फियाला पत्र जायला आठवडा-दोन आठवडे लागत. तिथे वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, म्हणजे काँग्रेस, भरायची आणि जॉन तिचा सभासद होता. जॉन अमेरिकेचा दूत होऊन युरोपात गेल्यावर महिने लागायचे, आणि शत्रूच्या जहाजाने गाठलं तर पत्रांची थैली समुद्रात जायची. म्हणून ती एकच मजकूर दोन जहाजांनी पाठवते, आणि आपल्याला वाटतं, बाई तेच तेच लिहिते. दोघांचं भांडण चाललंय असं वाटेल तिथे आधी तारखा बघा. अनेकदा तो तिच्या तीन महिन्यांपूर्वीच्या रागाला उत्तर देत असतो आणि तिचा राग कधीच निवळलेला असतो.

पत्रं पकडलीही जात. २४ जुलै १७७५ ला जॉनने तिला आणि मित्र जेम्स वॉरनला लिहिलेली पत्रं इंग्रजांच्या हाती लागली आणि त्यांनी ती छापून टाकली. वॉरनच्या पत्रात एका सहकाऱ्याची टवाळी होती, ती जगजाहीर झाली. त्यानंतरच्या पत्रांत नावं गाळलेली, मोघम ओळी का दिसतात ते यावरून समजेल. ‘माझी पत्रं जाळून टाक’ असंही ती त्याला लिहिते. जॉनचा स्वभाव उलटा. २ जून १७७६ ला त्याने कळवलं की पत्रांच्या नकला ठेवायला कोरी वही विकत घेतली आहे, तूही तसंच कर. आज आपण वाचतोय ते त्याच्या या सवयीमुळे.

वहीचा सराव त्या प्रसिद्ध पत्रावरच करा. ३१ मार्चचं पत्र पूर्ण वाचा. दोन आठवड्यांपूर्वी, १७ मार्चला, इंग्रज फौज बोस्टन सोडून गेली आहे. त्यांचं शहरातलं घर पलटणीच्या एका डॉक्टरने वापरलं, ते घाण झालंय पण मोडतोड नाही, हे ती कळवते. बंदुकीच्या दारूच्या प्रमाणांबद्दल लिहिते. गुलाम बाळगणाऱ्या व्हर्जिनियाच्या लोकांना स्वातंत्र्याची खरी ओढ असेल का, अशी शंका काढते. या सगळ्याच्या मधोमध बायकांचा मुद्दा येतो. १४ एप्रिलला जॉनचं उत्तर: मला हसू आवरत नाही. इथे थांबू नका, कारण बहुतेक लोक इथेच थांबतात. २७ एप्रिलला ती मैत्रीण मर्सी ओटिस वॉरनला नवऱ्याचं उत्तर सांगते आणि म्हणते, दोघी मिळून काँग्रेसकडे अर्ज करू या. ७ मे रोजी नवऱ्याला पुन्हा लिहिते, तेव्हा सूर कडक आहे. चार तारखा वहीत एकाखाली एक मांडल्या की ती ‘ओळ’ उरत नाही. एक बाई महिनाभर एक मुद्दा धरून बसलेली दिसते.

आता टाचण्या

पैशाच्या ओळी वगळायचा मोह होईल. वगळू नका. खरी ॲबिगेल मला तिथेच जास्त भेटली.

आधी नाणी. एक पौंड म्हणजे २० शिलिंग, एक शिलिंग म्हणजे १२ पेन्स. आपल्याकडे आण्याचे १२ पै होते, तसं. पत्रात ‘७.६’ दिसलं तर तो दशांश नव्हे, सात शिलिंग सहा पेन्स. दुसरी अडचण अशी की पौंड एक नव्हता. इंग्लंडचा स्टर्लिंग वेगळा आणि मॅसॅच्युसेट्सचा ‘लॉफुल मनी’ वेगळा. स्पॅनिश डॉलर दोन्हीकडे चाले: मॅसॅच्युसेट्समध्ये त्याचे ६ शिलिंग, स्टर्लिंगमध्ये साडेचार. म्हणजे १०० पौंड स्टर्लिंग हे तिथले सुमारे १३३ पौंड. तिसरं संकट काँग्रेसच्या कागदी नोटांचं. मार्च १७८० मध्ये काँग्रेसनेच चाळीस कागदी डॉलरला एक चांदीचा डॉलर असा भाव मान्य केला. त्या वर्षांतली रक्कम वाचताना आधी विचारा: कागद की चांदी?

१७७५ च्या उन्हाळ्यातल्या एका पत्रात ती जॉनला सांगते, फिलाडेल्फियाहून येताना टाचण्यांचं बंडल आण, पूर्वी ७.६ ला मिळायचं ते आता २० शिलिंगला आणि त्या भावातही नाही. हिशेब करा: ९० पेन्सवरून २४०. अडीच पटीहून जास्त वाढ. युद्ध अजून नीट पेटलेलंही नाही आणि शिवणकामाची टाचणी महागली, कारण ती इंग्लंडहून यायची. स्वतःला हवी म्हणून ती मागते आहे हे खरं. पण टंचाई कशात आहे, कुठे काय स्वस्त मिळेल, हे ती कसं टिपते ते बघा. पुढचा सगळा व्यवहार या एका ओळीत अंकुरलाय.

३१ जुलै १७७७ चं पत्रही याच रकान्यात टाका. बोस्टनच्या थॉमस बॉयल्स्टन या गडगंज, कंजूस व्यापाऱ्याने कॉफी दडवून ठेवली, एका पौंड वजनाला ६ शिलिंगच्या खाली द्यायला तयार नाही. शंभरेक बायका गाडा घेऊन त्याच्या वखारीवर गेल्या, त्याला धरून किल्ल्या काढून घेतल्या, कॉफी लादली आणि चालत्या झाल्या. पुरुषांचा जमाव नुसता बघत उभा होता. ॲबिगेल हे मजेत सांगते. बॉयल्स्टन जॉनच्या आईच्या नात्यातला, हे ठाऊक असलं की तिच्या मजेला आणखी धार येते.

जॉन युरोपात गेल्यावर घरखर्चाला पैसे कसे पाठवायचे? हुंडी हा एक मार्ग होता. ती इकडे जॉनच्या नावे हुंडी लिहून विकणार आणि तो तिकडे पैसे भरणार. पण हुंडीत घट बसायची. ॲबिगेलने दुसरी वाट काढली: पैसे नको, माल पाठव. जॉनने स्पेनमधल्या बिल्बाओच्या गार्डोकी पेढीसारख्या व्यापाऱ्यांकडून पेट्या रवाना करायला लावल्या. कापड, रुमाल, फिती, चहा. थोडं घरात ठेवायचं, बाकीचं नातलगांच्या हातून विकायचं. देशाच्या दूताची बायको दुकान मांडून बसलेली बरी दिसली नसती! आता तिची पत्रं वाचताना रुमालांचा रंग, फितींची रुंदी असला तपशील येईल. नवरोबांची निवड बाजारात खपत नाही म्हणून ती त्याला चक्क मालाची यादी धाडते. शेजारी मुलांची खुशाली आणि काँग्रेसमधल्या भांडणांची बातमी. तीन विषयांचे तीन कागद करण्याएवढी चैन तिला नव्हती. कागदही महागच होता.

मग नफ्याचं काय केलं? इथे नवरा-बायकोचा मतभेद आहे, आणि तो मला त्या प्रसिद्ध वादाहून जास्त रंगतदार वाटतो. जॉनला जमीन हवी. आणखी एक शेत, शेजारची आणखी एक दलदल. ॲबिगेलचं म्हणणं, शेताला मजूर लागतो, कर लागतो, उत्पन्न तुटपुंजं. सरकारी रोखे घ्या, व्याज हातात पडतं. हे रोखे मुख्यतः युद्धातल्या सैनिकांना पगारापोटी मिळालेले. अडचणीत सापडलेल्या सैनिकांनी ते मातीमोल भावाने विकले होते. मावशीचे यजमान डॉ. कॉटन टफ्ट्स यांच्यामार्फत ती असले रोखे घेत राहिली. १७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टनच्या योजनेने सरकारने जुनी कर्जं मान्य केली आणि रोख्यांचं सोनं झालं. तिची हुशारी मान्य करावी, पण कौतुक करताना तो रोखा विकून मोकळा झालेला शिपाई डोळ्याआड करू नये. पत्रांत तो जवळजवळ दिसतच नाही.

जमिनीचा मोह तिलाही एकदा झाला. १७८२ मध्ये तिने व्हरमाँटमध्ये १,६५० एकर घेतली: माणशी ३३० एकर, पाच नावांवर. जॉन आणि चार मुलं. तिचं स्वतःचं नाव त्यात नाही. १२ ऑक्टोबर १७८२ ला हेगहून जॉनने लिहिलं, यापुढे व्हरमाँटच्या भानगडीत पडू नकोस.

ते नाव का नाही, हे वहीत ठळक लिहून ठेवा. इंग्रजी परंपरेच्या कायद्यात लग्न झालेल्या बाईला वेगळं कायदेशीर अस्तित्वच नव्हतं. तिची जंगम मालमत्ता नवऱ्याची, तिच्या नावे करार नाही, खरेदीखत नाही. आपल्याकडच्या स्त्रीधनाची कल्पना मनात धरून वाचलं तर फसाल. म्हणून पत्रात ‘माझे पैसे’ असा शब्द आला की पेन्सिलीने खूण करा. कायद्याने तो शब्द खोटा होता, आणि ती तो बिनदिक्कत वापरत होती. १७७६ मध्ये नवऱ्यांच्या हातात अमर्याद सत्ता देऊ नका म्हणणारी बाई आणि रोख्यांवरचं व्याज मोजणारी बाई एकच आहे, हे या खुणा सलग वाचल्यावर दिसतं.

कुणाला काय सांगते

पदावर असलेल्या माणसाच्या बायकोची पत्रं खासगी कधी पूर्ण नसतात. हे तिला पक्कं ठाऊक होतं. २१ नोव्हेंबर १८०० ला राष्ट्राध्यक्षांच्या अर्धवट बांधलेल्या नव्या वाड्यातून ती मुलीला लिहिते: आवाराला कुंपण नाही, जळणाला लाकूड मिळत नाही, मोठ्या दिवाणखान्यात मी धुणं वाळत घालते. आणि लगेच बजावते: हे सगळं तुझ्यापाशीच ठेव, कुणी विचारलंच तर सांग, आईने लिहिलंय की जागा फार सुंदर आहे. हे पत्र वाचल्यावर मागे जाऊन बाकीची पत्रं घेणाऱ्याप्रमाणे वेगळी लावा. बहीण मेरीला ती सगळ्यात मोकळी लिहिते. टफ्ट्सना रोखठोक. जॉनला लिहिताना अर्ध्या ओळीत टोमणा असतो.

जेफरसनचा गठ्ठा स्वतंत्र वाचावा. १७८५ नंतर ती लंडनला, तो पॅरिसला, आणि दोघे एकमेकांची खरेदी करतात. ती त्याच्यासाठी सदरे आणि टेबलावरचं कापड घेते, तो तिच्यासाठी पॅरिसचे बूट आणि मेजावर मांडायच्या चिनीमातीच्या मूर्ती. राजकारण, थट्टा आणि ‘तुमचे माझ्याकडे इतके निघतात’ हा हिशेब एकाच पत्रात. पुढे राजकारणाने ही दोस्ती मोडली. १८०४ मध्ये जेफरसनची मुलगी पॉली वारली, तिला ॲबिगेलने लंडनमध्ये लहानपणी सांभाळलं होतं. २० मेला तिने सांत्वनाचं पत्र लिहिलं. त्याने उत्तरात जुना राजकीय विषय काढला, आणि ऑक्टोबरपर्यंत सात पत्रं झाली, शेवटची चांगलीच तिखट. नोव्हेंबरात जॉनने ती वाचून शेरा मारला: हा सगळा पत्रव्यवहार मला न कळत, मला शंकाही न येता झाला. कागदावरचे शेरे वाचायचे ते यासाठी.

पहिल्या पंधरवड्याला इतकंच

१७७५ च्या उन्हाळ्यातली पत्रं, मग मार्च ते मे १७७६ ची साखळी, मग कॉफीचं पत्र. दुसऱ्या आठवड्यात १७८० ते १७८२ मधली पेट्यांची आणि व्हरमाँटची पत्रं, दोघांची आळीपाळीने. इंग्रजी जुनं आहे म्हणून घाबरू नका. अडखळलात की ओळ मोठ्याने वाचा, तिने कानाने लिहिलंय, कानालाच कळतं. भाषांतर करायची इच्छा असेल तर ‘बिल’ला हुंडी, ‘नोट’ला रोखा हे शब्द पहिल्यापासून ठरवून ठेवा. मी ‘नोट’ला नोटच लिहीत गेलो आणि मधेच काँग्रेसच्या कागदी नोटा आल्यावर पन्नास पानं परत लिहायची पाळी आली.

सगळ्यात शेवटी १८ जानेवारी १८१६ चा कागद काढा. हे पत्र नव्हे, तिच्या हस्ताक्षरातलं मृत्युपत्र आहे, चार पानांचं. नवरा जिवंत असताना बायकोच्या मृत्युपत्राला कायद्यात काडीची किंमत नव्हती, तरी तिने लिहिलं: पैसे, कपडे, दागिने, जवळजवळ सगळं बायकांना. नाती, भाच्या, सुना, कामवाल्या. ती ऑक्टोबर १८१८ मध्ये गेली आणि जॉनने त्यातला शब्द न् शब्द पाळला. तुमच्या वहीतला पाचवा रकाना उघडा आणि मृत्युपत्रातल्या रकमांशेजारी ठेवून बघा, कुठला पैसा कुठल्या पेटीतून आला असेल.